आरसा आणि मैदान

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट आहे. पालक सभा संपली, सगळे उठून गेले, पण एक अम्मी बाकावर बसूनच राहिल्या. शेवटी जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "टीचर, एक विनंती होती. माझ्या मुलीचं नाव त्या गोळाफेकीतून काढून टाका."

आम्हाला आश्चर्य वाटले. दहावीतली ही मुलगी तालुक्यात पहिली आली होती आणि आता जिल्ह्याला जाणार होती. अभ्यासातही बरी. आम्ही विचारले, "का बाजी? काही अडचण आहे का?"

"अडचण काही नाही. पण तिचे खांदे बघा, दंड बघा. मागच्या महिन्यात आमच्याकडे निकाह होता. तिथं तिची खाला सगळ्यांसमोर म्हणाली, ही तर पहेलवान दिसायला लागली! उद्या रिश्त्याची बोलणी निघाली तर? आणि एवढं खेळूनही अंग जाडच. तिचा भाई बघा, चार महिने जिमला गेला आणि कसा दिसायला लागला!" असे म्हणून त्यांनी मोबाइलमधला फोटो दाखवला. आरशासमोर उभा असलेला मुलगा, आत ओढलेले पोट आणि पोटावर एकाखाली एक चौकोन. हा आमचाच जुना विद्यार्थी. पोलीस भरतीची तयारी करत होता.

त्या दिवशी काही गोष्टींचा उलगडा झाला. ही मुलगी तिसऱ्या तासाला बाकावर डोके टेकून का बसते, मधल्या सुट्टीत डबा न उघडताच दप्तरात का ठेवते, ते कळले. ती जेवण सोडून बारीक व्हायला बघत होती. आणखी एक गोष्ट आठवली आणि मान खाली गेली. स्नेहसंमेलनाच्या कवायतीत तिला मागच्या रांगेत आम्हीच उभे केले होते. "पुढे चपळ मुली हव्यात," असे आम्ही सहज बोलून गेलो होतो. तालुक्यात पहिल्या आलेल्या खेळाडूला! ती हसली होती. आम्हीही ते विसरून गेलो होतो.

बाजींचा प्रश्न मात्र खोटा नव्हता. एकाच घरातली दोन भावंडे, एकाच पातेल्यातले सालन खाणारी, दोघेही घाम गाळणारी. मग एकाचे अंग कोरल्यासारखे आणि दुसरीचे का नाही? आम्ही भाषा शिकवणारी माणसे. म्हणून विज्ञानाच्या आणि पीटीच्या सरांना गाठले, थोडे वाचन केले. जे समजले ते आपल्यापुढे मांडतो, कारण हा प्रश्न आज एकाच घरातला राहिलेला नाही.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. गावरान कोंबडी साफ करताना आपल्या भगिनींनी पाहिले असेल की तंगडीचे मांस गडद असते आणि छातीचे फिकट. कोंबडी दिवसभर चालते, उभी राहते. तिच्या पायांना न थकणारे स्नायू लागतात. उडते मात्र क्वचित, जीव वाचवायला, दोन-चार क्षणच. त्यासाठी छातीत झटक्याचे स्नायू असतात. कबुतर मैलोनमैल उडते, म्हणून त्याची छातीही गडद लाल असते. रंगातला फरक मुख्यतः प्राणवायू साठवणाऱ्या एका पदार्थामुळे पडतो. न थकणाऱ्या स्नायूंत तो भरपूर असतो.

माणसाच्या शरीरातही हे दोन्ही प्रकारचे तंतू असतात, फक्त ते एकमेकांत मिसळलेले असतात. सावकाश चालणारे, टिकाऊ तंतू साधारणपणे बारीकच राहतात. झटक्याचे तंतू व्यायामाने चांगले जाड होतात. कोणाच्या अंगात कोणते तंतू किती, हे बरेचसे जन्मापासूनच ठरलेले असते. सरावाने त्यात भर पडते, थोडाफार बदल होतो, पण पिंड सहसा तोच राहतो.

2012 च्या लंडन ऑलिम्पिकमधले दोन विजेते आठवा. उसेन बोल्टने 100 आणि 200 मीटरचे सुवर्णपदक घेतले. उंचापुरा, भरलेल्या मांड्यांचा माणूस. त्याच मैदानावर सोमालियात जन्मलेल्या, ब्रिटनकडून धावणाऱ्या मो फराहने 5,000 आणि 10,000 मीटर जिंकले. त्याचे हात काडीसारखे. चार वर्षांनी रिओत त्याने दोन्ही शर्यती पुन्हा जिंकल्या. अनोळखी माणसाने फराहला रस्त्यात पाहिले असते तर म्हणाला असता, याला घरी नीट जेवायला मिळत नाही वाटते! लांब पल्ल्याच्या धावपटूला जाड स्नायू म्हणजे पाठीवरचे ओझे. त्याची कमाई आतमध्ये असते. एका ठोक्यात जास्त रक्त ढकलणारे हृदय आणि स्नायूंत पसरलेले बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे. ती आरशात दिसत नाही.

आता गोळाफेक. भिंतीत मोठा खिळा ठोकायचा असेल तर आपण छोटी हातोडी घेत नाही, वजनदार घण घेतो. जड गोळा दूर भिरकावायचा तर त्यामागे वजनदार अंग लागते आणि ते अंग क्षणात फिरवणारी ताकद लागते. म्हणून जगातले बहुतेक चांगले गोळाफेकपटू रुंद, भारदस्त असतात. त्यांच्या अंगावर स्नायू कमी नसतात, उलट पुष्कळ असतात. त्यावर चरबीचा थर असतो, म्हणून रेघा दिसत नाहीत. भिंत पक्क्या विटांची असली तरी वर गिलावा केला की विटा मोजता येत नाहीत, तसेच हे.

वजन उचलणाऱ्यांकडे पाहिले की हे आणखी स्पष्ट होते. आपली मीराबाई चानू टोकियो ऑलिम्पिकमध्ये 49 किलो गटात खेळली. तिने दोन्ही प्रकारांत मिळून 202 किलो उचलले आणि रौप्यपदक आणले. त्या गटात 49 किलोच्या वर जाता येत नाही. म्हणून प्रत्येक किलो कामाचा हवा, चरबीला जागा कमी. जॉर्जिया देशाचा लाशा तालाखाद्झे मात्र सर्वांत वरच्या गटात खेळला. तिथे वजनाला वरची मर्यादाच नाही. 2021 मध्ये ताश्कंदला त्याने 225 आणि 267 असे एकूण 492 किलो उचलले. ऑलिम्पिकची तीन सुवर्णपदके त्याच्या नावावर आहेत. आणि त्याचे पोट? चांगले सुटलेले! त्याचे वजन 170 किलोच्या वर. दोघेही जगातले नामांकित खेळाडू आणि दोघांचेही अंग त्यांच्या खेळाच्या नियमाप्रमाणे घडलेले.

मग पोटावरचे ते चौकोन म्हणजे काय? ते स्नायू प्रत्येकाच्या पोटात असतात, तुमच्या-आमच्याही. पोटाच्या मधल्या स्नायूला आडव्या पट्ट्या असतात, त्यामुळे तो खणाखणांचा दिसतो. कोणाला चार खण, कोणाला सहा, कोणाला आठ. ही संख्या जन्मजात असते, कितीही व्यायाम करा, वाढत नाही. वरची चरबी पुरेशी पातळ झाली की ते दिसू लागतात. चरबी शरीरातल्या कुठल्या भागातून आधी उतरेल, हेही आपल्या हातात नसते. पोटाचे व्यायाम केले म्हणून फक्त पोटाची चरबी जात नाही. पुष्कळ पुरुषांची चरबी पोटावरून सर्वांत शेवटी हलते. मुलींच्या शरीरात ती मांड्या-कमरेवर राहते. निसर्गाने ती मातृत्वासाठी ठेवलेली असते.

आता एकाच पातेल्यातल्या सालनाचा मुद्दा. कॅनडातल्या लावाल विद्यापीठात क्लोद बुशार या शास्त्रज्ञांनी तरुण, एकसारख्या जुळ्या भावांच्या 12 जोड्यांवर प्रयोग केला. तो 1990 मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांना 100 दिवसांपैकी 84 दिवस रोज 1,000 कॅलरी जादा खायला दिल्या. सगळ्यांना सारखेच जादा अन्न मिळाले, तरी कोणाचे वजन सव्वाचार किलोच्या आसपास वाढले, तर कोणाचे तेरा किलोंहून जास्त. मात्र जुळ्या भावांचे वजन बरेचसे एकमेकांसारखेच वाढले आणि चरबीही अंगावर सारख्याच ठिकाणी बसली. म्हणजे किती खाल्ले एवढ्यावर सगळे ठरत नाही, वारशाने काय मिळाले तेही मोजावे लागते. सख्खी भावंडे जुळी नसतात. एक अब्बांच्या वळणावर जातो, एक नानीच्या. त्यात दोष कोणाचा?

वजनकाटाही अर्धेच सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचाच फोटो छापला होता. उंची आणि वजनाच्या हिशेबाने काढतात तो बीएमआय दोघांचाही 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! युडकिन मॅरेथॉन पळणारे. याज्ञिक यांनी स्वतःची थट्टा करत लिहिले की त्यांचा मुख्य व्यायाम म्हणजे लिफ्टचे दार मिटण्याआधी धावत आत शिरणे. थट्टेमागची गोष्ट गंभीर आहे. आपल्या देशातली पुष्कळ माणसे वरून सडपातळ दिसतात, पण आत चरबी बाळगतात आणि मधुमेह लवकर ओढवून घेतात. उलट जपानचे सुमो पहिलवान अवाढव्य असूनही त्यांची चरबी बरीचशी कातडीखाली असते, आतल्या अवयवांभोवती तुलनेने कमी. जोवर त्यांचा कठोर सराव चालू आहे तोवर. सराव सुटला की तेच वजन त्यांना भोवते. म्हणजे लठ्ठपणाची काळजीच करू नये असे नव्हे. नुसत्या नजरेने निकाल देऊ नये, एवढेच.

आणि फोटोतले ते शरीर तर नेहमीचे नसतेच. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत उतरणारे कित्येक आठवडे खाणे तोडतात. काही जण शेवटच्या एक-दोन दिवसांत पाणीही तोडतात, मग अंगाला रंग आणि तेल लावून दिव्यांच्या झोतात उभे राहतात. त्या घडीला ते सर्वांत बलवान दिसतात आणि बहुधा सर्वांत अशक्त असतात. पडद्यावरचे नटही अशीच तयारी करून एखादा प्रसंग देतात. आपली मुले मात्र ते रूप बारा महिन्यांचे समजतात. मग ओळखीच्या कोणाकडून बिनलेबलाची पावडर येते, कोणी इंजेक्शन देतो. वाढीसाठी टोचली जाणारी ती संप्रेरके हृदय, यकृत आणि पुढे संतती होण्याची क्षमता यांवर घाला घालतात. तरुण मुलाच्या अब्बांनी हे एकदा तरी त्याच्याजवळ बसून, न रागावता बोलावे.

क्रिकेट पाहणाऱ्या घरांना मुंबईच्या सरफराज खानची कहाणी माहीत आहेच. 2019-20 च्या रणजी हंगामात त्याने 928 धावा केल्या, 2021-22 मध्ये 982. तरी चर्चा धावांइतकीच त्याच्या वजनाची. तेव्हा सुनील गावसकर यांनी खडसावले होते की सडपातळच हवे असतील तर फॅशन शोला जा आणि तिथल्या मॉडेलांच्या हातात बॅट-बॉल द्या. 2024 च्या फेब्रुवारीत राजकोटला सरफराज पहिली कसोटी खेळला आणि दोन्ही डावांत अर्धशतके केली. त्याच वर्षी बंगळुरूत न्यूझीलंडविरुद्ध 150 धावा काढल्या. पुढच्या वर्षी त्याने मेहनतीने 17 किलो वजन उतरवले. हे दोन्ही लक्षात घ्यावे. 150 धावा त्याने भारी अंगानेच केल्या होत्या. आणि वजन उतरवले तेही खेळासाठी, खाणे शिस्तीत आणून. लोकांच्या टोमण्यांनी जेवण सोडणे आणि खेळाच्या गरजेने आहार बदलणे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आमच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत हाच फरक काळजीचा होता. वाढत्या वयातली मुलगी भरपूर खेळते आणि कमी खाते, तेव्हा शरीर काटकसर सुरू करते. आधी मासिक पाळी अनियमित होते, कधी बंदच होते. हाडे ठिसूळ होऊ लागतात, सारखी थकवा-चक्कर येते, जखमा लवकर बऱ्या होत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 पासून या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन प्रशिक्षकांना सावध केले आहे. मुलांनाही हा त्रास होतो. हाडे भक्कम होण्याचे हेच वय. आज डबा न उघडता परत आला तर त्याची किंमत ती चाळिशीत मोजेल.

हे सगळे बाजींना एका बैठकीत सांगता आले नाही. आधी आम्ही मुलीची माफी मागितली, वर्गात सर्वांसमोर, कारण बोललोही सर्वांसमोरच होतो. मग बाजींना म्हणालो, "नाव काढायचं ते नंतर बघू. आधी रविवारी सकाळी मैदानावर या."

मोहल्ल्यातल्या मुलांची भरतीची तयारी पीटीचे सर रविवारी घेतात. पोलीस भरतीची मैदानी परीक्षा 50 गुणांची. मुलांना 1,600 मीटर धावणे, 100 मीटर धावणे आणि गोळाफेक. मुलींना 1,600 ऐवजी 800 मीटर. विचार करा, एकाच उमेदवाराकडून फराहचे, बोल्टचे आणि गोळाफेकपटूचे, तिघांचेही काम थोडे थोडे मागितले आहे. आरशाला एकही गुण नाही.

भाईजान मैदानात उतरला. 400 मीटरच्या चार फेऱ्या. पहिली झोकात, दुसरी बरी, तिसऱ्या फेरीत कमरेवर हात ठेवून थांबला आणि कडेला जाऊन बसला. महिनाभर त्याने भात-रोटी सोडली होती. उकडलेली अंडी आणि पावडर एवढ्यावरच होता. स्नायूंत साठणारी साखर भात-रोटीतून येते आणि ती आपल्या तिप्पट पाणी धरून ठेवते. ती संपली की अंग हलके आणि रेखीव दिसते, पण जोराने पळायला इंधन उरत नाही. सरांनी त्याला पाणी दिले, सावलीत बसवले आणि एवढेच म्हणाले, "बेटा, गाडी धुऊन चमकवलीस, पण पेट्रोल कोण भरणार?"

मग गोळाफेक. मुलांचा गोळा सात किलो 260 ग्रॅमचा. त्याने दंडाच्या जोरावर फेकला, जवळच पडला. बहीण कडेला उभी होती. तिला राहवले नाही. "भाईजान, हातानं नको. पायापासून सुरू करा. कंबर फिरवा, हात शेवटी." तिने मुलींचा चार किलोचा गोळा मानेला लावला, वाकली, सरकली आणि सोडला. बघणाऱ्या मुलांच्या तोंडून "माशाअल्लाह" निघाले. बाजी ओढणीचे टोक हातात धरून बघत होत्या. मुलीला खेळताना त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

पुढचा महिनाभर बहीण भावाला गोळा शिकवत होती आणि भाऊ पुन्हा भात खाऊ लागला होता. पोटावरचे चौकोन पुसट झाले, पण चार फेऱ्या पूर्ण झाल्या. भरतीचे काय होईल ते पुढे कळेलच. मुलगी जिल्ह्याला तिसरी आली. खालांचे बोलणे थांबले का? नाही. रिश्त्याची काळजी बाजींच्या मनातून गेली का? तीही नाही. निजामाबादची निखत झरीन 2022 आणि 2023 मध्ये मुष्टियुद्धात जगज्जेती झाली. मुलीशी लग्न कोण करणार ही काळजी तिच्या अम्मींनाही वाटली होती, हे निखतनेच सांगितले आहे. आईचे काळीज ते. आम्ही बाजींना त्यासाठी नावे ठेवत नाही.

वाचकहो, मुलांच्या तंदुरुस्तीची खूण शोधायची तर ती साधी आहे. जिना चढल्यावर दम किती लवकर खाली बसतो? झोप शांत लागते का? भूक वेळेवर लागते का? मुलीची पाळी नियमित आहे का? मागच्या महिन्यापेक्षा थोडे जास्त पळता, उचलता, फेकता येते का? ही उत्तरे चांगली असतील तर अंग रुंद असो की किडकिडीत, मूल ठीक आहे. ती बरी नसतील तर फोटो कितीही देखणा असो, डॉक्टरांना दाखवा. आणि दावतीत, लग्नात कोणी मुलांच्या अंगावर बोलू लागले तर विषय बदला. एवढे तर आपण मोठी माणसे करू शकतो.

परवा शाळा सुटताना बाजी फाटकाशी भेटल्या. नाव काढायचा विषय निघाला नाही. इकडचे-तिकडचे बोलल्या आणि जाता जाता विचारले, "टीचर, सराव असतो त्या दिवशी डब्यात दोन रोट्या पुरतात का हो? की तीन देऊ?"

आम्ही म्हणालो, "तीन द्या बाजी. आणि एक उकडलेलं अंडं."